लातीरचा शेजार

दिबोर एवढंच म्हणाली होती, “पेट्रोलपंपापाशी थांबव रे,” आणि मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “ही बाई आमच्या घरची बटीक आहे. हिचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन.” बसमध्ये हशा पिकला. त्यात वावगं काही नव्हतं. सेनेगलमध्ये सेरेर जमातीच्या माणसाला गुरं राखणाऱ्या पुलार जमातीच्या माणसाने आपला गुलाम म्हणायचं आणि पुलारला सेरेरने, हे खापरपणजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं थट्टेचं नातं. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, अगदी मयताच्या दारातसुद्धा कुणी अनोळखी माणूस ते उकरून काढतो, आणि ज्याला राग येतो तो हरला. दिबोरनेही सवयीने, मागे वळूनही न बघता, उत्तर दिलं, “गाईचं शेपूट धरून चालणारे तुम्ही, माणसांचे आवाज कधीपासून ओळखायला लागलात?” पुन्हा हशा. शेजारची टोपलीवाली म्हातारी म्हणाली, “बरं दिलंस, बाई.” मग तो मागचा माणूस आवाज उतरवून म्हणाला, “शेपूट धरूनच ऐकायचो बातम्या. लातीर फोन रिकाम्या पातेल्यात ठेवायचा, आवाज मोठा होतो म्हणून. रोज जेवताना तू आमच्या पातेल्यातून बोलायचीस.”

कंडक्टरने पत्र्यावर थापटी मारली, बस थांबली, दोघं उतरले, चौघं चढले, बस निघाली, आणि पेट्रोलपंप मागे पडला तरी दिबोर दांडीला धरून तशीच उभी होती. लोखंडाची दांडी. उन्हाने तापलेली. तिला ती गार लागत होती. घराबाहेरच्या कुणी लातीरचं नाव घेतल्याला किती काळ लोटला होता? घरातसुद्धा ते क्वचितच घेतलं जायचं. आई ‘तो’ म्हणायची, दिबोर ‘आपला’ म्हणायची, आणि मुलं मामाचा फोटो पुसताना गप्प राहायची. नाव असं भर बसमध्ये, कोळशाच्या पोत्यांच्या आणि सुक्या मासळीच्या वासात, परक्या तोंडून बाहेर पडलं आणि ते पुन्हा एका चालत्याबोलत्या माणसाचं नाव झालं. जेवणारा, पातेलं शोधणारा, फोन त्यात ठेवणारा. मेलेल्या माणसाला पातेलं लागत नाही. तिने मान वळवली. मागे पन्नाशीकडे झुकलेला, उंच, किडकिडीत माणूस बसला होता, गुडघे बाकात न मावणारा. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. तो आता हसत नव्हता.

लातीरला आवाज मोठा करायची खोड लहानपणापासूनची. फातिक शहराच्या पुढे, जिथे मिठाची पांढरी जमीन संपते आणि बाजरीची सुरू होते, तिथलं त्यांचं गाव. पावसाळा सरला की सगळ्या अंगणांतून एकदम मुसळांचा आवाज उठायचा, आणि त्या आवाजात दोन वर्षांनी मोठी बहीण आणि तिच्या मागेमागे हिंडणारा भाऊ खोटा रेडिओ चालवायचे. टोमॅटोच्या रश्शाचा मोठा डबा, त्याला खिळ्याने पाडलेली भोकं, त्यात तोंड घालून दिबोरने बातम्या द्यायच्या. बातम्या लातीर आणायचा. तो गावभर फिरून यायचा आणि धापा टाकत सांगायचा: न्दियागाच्या बोकडाने सासूचं लुगडं खाल्लं, मोसानच्या घरी आज चूल पेटलेली नाही, भांडण झालंय, विहिरीचा दोर पुन्हा तुटला. दिबोर ते डब्यात तोंड घालून गंभीरपणे वाचायची, “फातिकहून आमचा वार्ताहर कळवतो,” आणि बायका मुसळं थांबवून हसायच्या. बोकडाच्या बातमीवरून मार बसला तो तिला. वार्ताहर पळून गेला होता. आई मारता मारता स्वतःच हसली, मुसळ टाकून खाली बसली, पदराने डोळे पुसले, आणि म्हणाली, “या पोरीला सरकारनेच कामाला ठेवायला पाहिजे.” सरकारने नाही ठेवलं. पण डाकारमध्ये कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून चालणाऱ्या एका लहान रेडिओला सेरेर भाषेत बातम्या वाचणारं कुणी हवं होतं, आणि दिबोर त्या खोल्यांत शिरली ती वीस वर्षं झाली तरी बाहेर पडली नाही. लातीर तोवर इटलीत पोचला होता. उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, ॲल्युमिनियम वितळवण्याच्या कारखान्यात. सुरुवातीला तो म्हणायचा, इथे दोनच ऋतू, थंडी आणि भट्टी. मग त्याच्या लक्षात आलं की बहिणीचा रेडिओ फोनवर ऐकू येतो, आणि त्या दिवसापासून त्याची तक्रार कमी झाली. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा तो बातम्यांवर शेरा मारायला. “आज घाईत होतीस. पावसाची बातमी गिळलीस.” “आज सर्दी झालीय तुला.” एकदा म्हणाला, “तुझ्या मागे कुणीतरी चहाचा पेला ठेवला. टण् झालं. आम्हाला चहाची आठवण आली ना, मूर्खांनो.”

“पुढे कुठे उतरतेस?” मागचा माणूस विचारत होता. त्याने उठून तिच्याजवळची दांडी धरली होती. “मी योरो. योरो बाल्दे. त्याच्या खालच्या बाकड्यावर झोपायचो. तो वर, मी खाली. रात्रभर त्याचा पाय माझ्या नाकासमोर लोंबायचा.” दिबोर म्हणाली, “मागे पडलं माझं ठिकाण.” आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला, कुणीतरी दुसऱ्या खोलीतून वाचून दाखवत असल्यासारखा.

तो आवाज तिला चार वर्षांपूर्वी, साथीच्या त्या वर्षीही असाच परका वाटायचा. मार्च महिना होता आणि हवेत वाळवंटाची धूळ होती, म्हणून सुरुवातीला सगळेच खोकत होते आणि सगळेच एकमेकांकडे वळून बघत होते. मग मशिदी बंद झाल्या. मग रात्रीची संचारबंदी आली आणि डाकारच्या कडेच्या पिकीनच्या गल्ल्यांतून, जिथे कधी एक मिनिट शांतता नसायची, तिथून कुत्र्यांच्या नखांचा आवाज ऐकू येऊ लागला. बाजार एक दिवस कापडवाल्यांचा, एक दिवस भाजीवाल्यांचा. शिंप्यांनी लग्नाचे झगे बाजूला ठेवून उरलेल्या चिंध्यांचे मुखपट्टे शिवायला घेतले, आणि निदान एवढं झालं की सगळ्या शहराच्या तोंडावर फुलं आली. एका परातीभोवती बसून भात खाणारी घरं ताटल्या मोजू लागली; दिबोरच्या घरी ताटल्या पुरेनात म्हणून धाकटा झाकणीत जेवायचा आणि ती परत द्यायला तयार नसायचा. रेडिओवर प्रत्येकाला माईकवर चढवायचा स्पंज आपापला दिला होता. तो पिशवीत घालून रोज घरी न्यायचा, रोज आणायचा. काचेपलीकडे बसणारा मोमार म्हणायचा, “दिबोरबाई, एवढी वर्षं तुमची थुंकी फुकट खाल्ली, आता तिचीही वेगळी पिशवी आली.” आणि दिबोर हसून, स्पंज चढवून, आकडे वाचायची. आज इतके नवे रुग्ण. इतके बाहेरून आलेले, इतके संपर्कातले, इतके कुठून आले ते न कळलेले. इतके बरे झाले. आजवर इतके दगावले. आकडे लहान होते. साऱ्या जगाने सांगून ठेवलं होतं की आफ्रिकेच्या रस्त्यांवर प्रेतं पडतील, आणि रस्त्यांवर तर नुसती धूळ होती, उन्हात झोपलेल्या शेळ्या होत्या. मोमार म्हणायचा, आपल्याला उन्हाने वाचवलं; शेजारची कापडवाली म्हणायची, पीरबाबांनी. कुणाला काय ठाऊक. पण फोन वाजायचे ते बाहेरून. मिलानहून, पॅरिसहून, न्यूयॉर्कहून. आपली माणसं मरत होती ती तिकडे, आणि ती दुसऱ्यांच्या आकड्यांत जात होती. दिबोर वाचायची त्या आकड्यांत ती नसायचीच.

आणि लोक. लोक बदलले होते असं म्हणण्यात अर्थ नाही, लोक घाबरले होते. रोग इटलीहून आलेल्या कुणीतरी आणला असं पहिल्या दिवसांत पसरलं, आणि लातीरच्या पैशांनी ज्या गावच्या मशिदीवर पत्रा चढला होता त्या गावातून आईला विचारणा होऊ लागली, “तुझा मुलगा आला नाही ना गं? येणार नाही ना?” आई म्हणायची, “नाही आला. विमानं बंद आहेत.” “बरं झालं,” बायका म्हणायच्या, आणि मग जीभ चावायच्या. आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रागावलेली नव्हती. ती म्हणाली, “दिबोर, ज्या पोराची वाट बघितली ते आलं नाही म्हणून बरं झालं असं मीसुद्धा म्हणाले. हो म्हणाले त्यांना. तोंडातून गेलं.”

बस फळबाजाराच्या गर्दीत अडकली. पोती उतरत होती, कुणी तरी ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढत होतं. दिबोरच्या मनात एकदम आलं, याला कुठेही उतरू द्यावं, नंबर घ्यावा, पुन्हा बोलू म्हणावं, आणि तो नंबर कधी लावू नये. गेली चार वर्षं आई तिच्याकडे राहत होती आणि चार वर्षं एकच प्रश्न घरात होता, भिंतीवरच्या पालीसारखा, कधी दिसायचा, कधी नाही, पण असायचा. त्याच्याजवळ कोण होतं? इटलीतल्या सेनेगली मंडळाच्या ज्या माणसाने फोन केला होता त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला होता, “चारपाच जण होते ताई, परवानगीच तेवढ्यांना होती. मी नव्हतो. त्या दिवशी आमच्याकडे तीन दफनं होती.” लातीरच्या फोनचं काय झालं ते दवाखान्याला सांगता आलं नाही. ज्या खोलीत लातीर धरून चौघं राहत होते ती मालकाने रिकामी करून घेतली होती, माणसं पांगली होती. उत्तर कुठे मिळणारच नव्हतं, आणि प्रश्न जुना होता होता मऊ पडला होता, त्याच्यावर डोकं टेकून झोपता येत होतं. आता उत्तर तिच्याजवळ दांडी धरून उभं होतं, घड्या न मोडलेल्या शर्टात, आणि तिला त्याची भीती वाटत होती.

ती बातमी तिनेच वाचली होती. एप्रिलचे दिवस. कागद मोमारने काचेच्या फटीतून सरकवला आणि तिने तो आधी डोळ्यांखालून न घालताच वाचायला घेतला. या रोगाने परदेशात मृत्यू पावलेल्या नागरिकांचे मृतदेह पुढील आदेशापर्यंत देशात आणता येणार नाहीत. सेरेर भाषेत याला नेमका शब्द नव्हता. परगावच्या मृतदेहासाठी ‘घरी परतणारा’ असाच एक जुना शब्द आहे, कारण परगावी मेलेल्याला घरी आणतातच, न आणणं भाषेला माहीत नाही. ती क्षणभर थांबली. मग तिने सरळ ‘प्रेत’ म्हटलं. संध्याकाळी लातीरचा फोन आला. “अडखळलीस,” तो म्हणाला. “आठ वर्षांत पहिल्यांदा.” ती म्हणाली, “तू ती बातमी कशाला ऐकलीस?” तो म्हणाला, “म्हणजे? जेवताना दुसरं काय ऐकू?” त्याचा आवाज जाड झाला होता. तिने विचारलं तर म्हणाला, “जरा कसर आहे. सगळ्यांनाच आहे. तो खालचा गुराखी कालपासून कण्हतोय, त्याला पेज करून घातली, फुकट खातो मेला.” मग थोडं थांबून म्हणाला, “मी काय विमानाच्या पोटातून येणारा माणूस आहे का? मी खिडकीशी बसून येईन. आईला सांग.” तिने सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, दुसऱ्या दिवशी सांगू असं झालं, आणि त्यानंतरच्या दिवशी त्याचा फोन लागेना.

खालचा गुराखी. तिने वर बघितलं. “पेज तुला केली होती त्याने?”

योरो दचकला. मग त्याने मान हलवली. “आधी मी पडलो. मला वाटलं, माझी गाडी निघाली. त्याने मला उठवून बसवलं, भरवलं, शिव्या घातल्या. माझा ताप उतरला त्या दिवशी त्याला धाप लागली. अँब्युलन्सवाल्यांनी वर येऊ दिलं नाही कुणाला, तो आपला जिना उतरून गेला. चालत गेला. वळून म्हणाला, माझ्या बाकड्यावर झोपलास तर परत आल्यावर तंगडं तोडीन.” तो खाली बघत होता. “नाही झोपलो.”

फळबाजारानंतर ते उतरले आणि आल्या रस्त्याने चालत मागे निघाले, कारण आता नंबर घेऊन सुटका करून घेण्याचा काळ निघून गेला होता. दुपार कलत होती, भिंतींच्या सावलीत पोरंटोरं चहाची तिसरी उकळी येण्याची वाट बघत बसली होती. योरो सांगत होता, तिथून तो दक्षिणेला संत्र्यांच्या मळ्यात गेला, कागदपत्रं नव्हती म्हणून इतकी वर्षं देशात येता आलं नाही, आता मिळाली, महिन्यासाठी आलाय, कोल्दाला घरी जाऊन आला. रेडिओच्या दारापर्यंत दोनदा गेला होता. कापडाच्या दुकानापाशी उभा राहून परत आला. “वर जाऊन काय सांगू? मी जगलो म्हणून सांगू?” घराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

“आई विचारेल,” ती म्हणाली. “आंघोळ घातली का, कफन नीट होतं का. तू हो म्हण.”

“घातली नव्हती.”

“मला माहीत आहे घातली नव्हती. मीच वाचलं होतं तेही, तिकडे कुणालाच घालत नाहीत ते. तरी तू हो म्हण. म्हातारी आहे ती.”

योरोने डोक्यावरून हात फिरवला. “हे बघ, तुम्हा सेरेर लोकांशी मी सकाळपासून रात्रीपर्यंत खोटं बोलू शकतो, तो माझा धर्मच आहे,” तो म्हणाला. “मयताबद्दल नाही. तसं असेल तर मी इथूनच जातो. वाईट वाटून घेणार नाही.”

तिने त्याच्याकडे बघितलं. कोपऱ्यावरच्या नळावर एक बाई बादली घासत होती, त्याचा खरखर आवाज थांबेपर्यंत ती बघत राहिली. चार वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्यावर, त्याच नळापाशी उभं राहून तिने गावी फोन लावला होता, घरात मुलं ऐकतील म्हणून. रस्ते बंद होते. जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता आणि तो मरणासाठीही मिळत नव्हता. आईने फोन उचलला, “दिबोर?” म्हणाली, आणि दिबोरच्या तोंडून शब्द फुटेना. सोळा वर्षं रोज बोलणारा गळा. नुसता वारा येत होता त्यातून. आई थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने अगदी शांतपणे म्हटलं, “पोरी, बातम्या देतेस तशी सांग.” आणि दिबोरने सांगितलं. पाठ सरळ झाली, श्वास पोटात गेला. लातीर फाय, वय एकेचाळीस, काल पहाटे इटलीतील रुग्णालयात निधन पावले. दफन तेथेच होईल. त्यांच्या मागे आई आणि बहीण आहेत. आई म्हणाली, “पुन्हा एकदा.” तिने पुन्हा एकदा सांगितलं, शेवटी ठळक बातम्या पुन्हा सांगतात तशी. मग आईने फोन बंद न करताच चटईवर ठेवला असावा, कारण बराच वेळ कोंबड्यांचा आवाज येत राहिला, आणि लांब कुठेतरी कुणी बाजरी कांडत होतं, एकटंच, कारण एकत्र जमायला मनाई होती. घरी रडायलासुद्धा कुणी आलं नाही. महिन्याभराने बंदी उठली, घरी परतणारे पुन्हा परतू लागले. ती बातमीही दिबोरनेच वाचली, न अडखळता. पण तोवर लातीर मातीखाली होता, आणि मातीला दिलेलं उकरून काढत नाहीत.

“चल,” ती म्हणाली.

आई अंगणात शेंगा सोलत बसली होती. तिची नजर आता अधू झाली होती, पण पावलं ती ओळखायची. “कुणाला आणलंस? लांब ढांगा टाकतोय.” योरो तिच्यासमोर उकिडवा बसला, दोन्ही हातांनी तिचा हात धरून त्याने तो कपाळाला लावला. “आई, मी तुमचा मालक, योरो बाल्दे,” तो म्हणाला. “शेंगा झाल्या का सोलून? दिवसभर काय करता तुम्ही लोक?” आईने क्षणाचाही वेळ न घालवता हात सोडवून घेतला. “पुलार घरात आला, दिबोर. दूध झाक.” मग ती थांबली. एवढ्या साध्या थट्टेसाठी दिबोर कुणाला बसमधून घरी आणणार नाही हे तिला कळलं असावं. शेंग बोटांत तशीच राहिली.

योरोने सांगितलं. बाकडी, पातेलं, पेज, जिना. मोठ्या गोष्टी भरभर आणि लहान गोष्टी सावकाश सांगत होता. शेवटी आईने विचारलं, “आंघोळ घातली होती?”

दिबोरने बाहेरच्या नळाकडे तोंड केलं.

“नाही, आई,” योरो म्हणाला. “पेटी बंद होती. उघडू देत नव्हते. मी पाण्याऐवजी पेटीवर माती फिरवली, हातांच्या जागी, तोंडाच्या जागी. इमामसाहेबांनी फोनवरून सांगितलं तशी. मला अदमास नव्हता तोंड कुठल्या बाजूला आहे. म्हणून दोन्ही बाजूंना फिरवली.”

आईने मान हलवली, एकदा. शेंगेचं टरफल फुटल्याचा आवाज झाला. “किती जण होतात?”

“आम्ही तिघं आणि खणणारे दोघं. तिकडचेच, गोरे. त्यांना घाई होती, मागे दुसरी गाडी उभी होती. ते पेटी उचलायला लागले आणि मी आडवा झालो.” मग म्हणाला, “सेरेरचं मयत पुलारने असंतसं जाऊ द्यायचं नसतं. आमच्या गावी मी लहानपणापासून बघितलंय. खंडणी घेतल्याशिवाय सोडायचं नाही. मी खड्ड्याच्या काठावर आडवा पडलो आणि म्हणालो, हा माझा गुलाम आहे, अजून माझी भांडी घासायची आहेत याला, कोण सोडवणार ते पुढे या. आणि पुढे यायला कुणीच नव्हतं, आई. खोलीतले दुसरे दोघे मोरोक्कोचे, त्यांना यातलं काय कळणार. मला वाटलं, आता मी असाच पडून राहणार. तो खणणारा, म्हाताराच होता, मला वेड लागलं असं वाटलं त्याला. त्याने विचारलं, हा काय मागतोय? त्या मोरोक्कोवाल्याने अंदाजानेच सांगितलं, काहीतरी द्या म्हणतोय. त्याने खिसे चाचपले. हातमोजा काढला. खिशात पेपरमिंटची गोळी होती, कागदात गुंडाळलेली. ती त्याने माझ्या हातावर ठेवली.”

“मग?”

“मग काय, उठलो. खंडणी मिळाली. सोडला त्याला.”

“गोळी काय केलीस?”

“खाल्ली,” योरो म्हणाला. “मिळालेली खंडणी ठेवून देत नाहीत. रडत होतो आणि चोखत होतो. फार तिखट असते ती.”

आईचे खांदे हलू लागले. दिबोरला वाटलं ती रडतेय आणि ती पुढे झाली, पण आई हसत होती. तोंड मिटून, पोटातून, शेंगांचं सूप मांडीवरून घसरेपर्यंत, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसण्याचं भानही तिला नव्हतं. “एका परक्या म्हाताऱ्याने सोडवला माझा मुलगा,” ती म्हणाली. “एका गोळीवर. पुलार तो पुलारच, भाव पण करता आला नाही तुला.” मग हसू ओसरत गेलं, आणि ती शेंगा न सोलता बसून राहिली. भिंतीवरचं ऊन वर सरकलं. दिबोरने तो काठ, तो हातमोजा, तो आडवा पडलेला लांबलचक माणूस डोळ्यांपुढे आणून बघितला आणि त्यात लातीर कुठे आहे ते तिला अजूनही दिसत नव्हतं. नुसती पेटी. चार वर्षं ती त्या जागेवर जाऊ शकली नव्हती, मनानेही, कारण तिथे बघण्यासारखं काही नाही असं तिने धरून ठेवलं होतं.

आई म्हणाली, “शेजारी कोण आहे त्याच्या?”

योरोला कळलं नाही.

“शेजारी. एकटा आहे का तिकडे?”

“नाही, नाही. एका बाजूला अल्बानियाचा एक आजोबा आहे, आधीचा. दुसरी बाजू तेव्हा रिकामी होती. मी इकडे यायच्या आधी जाऊन आलो, तेव्हा भरली होती.” तो अडखळला. “लहान आहे. मुलगी. पाटीवर नाव आहे, हिबा. वर्षाचीही नव्हती.”

“अगं बाई,” आई म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं. गल्लीतून आरडाओरडा करत मुलं गेली, तो आवाज दूर जाईपर्यंत ती थांबली. “तिचे आईबाप आहेत ना तिथे? गावातच?”

“आहेत. मी गेलो तेव्हा आई आली होती तिची. रोज येते म्हणाली, काम सुटल्यावर. फुलं लावलीत तिने. तिथली माती चांगली आहे, लगेच धरतात.”

“पाणी घालते?”

“घालते. बाटली घेऊन येते मोठी.”

आईची अधू नजर अंगणातल्या कोरड्या जमिनीवर होती, आणि दिबोर तिच्याबरोबर तिकडेच बघत होती.

“मग थोडं त्याच्या बाजूलाही सांडत असेल,” आई म्हणाली.

“सांडतं,” योरो म्हणाला.